प्राँगहॉर्नच्या माळावर जवळ कसं जायचं

प्रश्न असा आला आहे: मूळचे पुण्याचे, सध्या डेन्व्हरला राहणारे एक गृहस्थ विचारतात की हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र झालं आहे, वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नच्या (अमेरिकेच्या माळांवरचा, काळविटासारखा दिसणारा प्राणी) मादीचा परवाना यंदा लॉटरीत मिळाला आहे आणि .२७० विंचेस्टर रायफल घेतली आहे. उघड्या माळावर लपायला जागा नसते, म्हणून चारशे-पाचशे यार्डांवरून मारायची तयारी हवी असं सगळे सांगतात. एवढ्या लांबचा नेम दोन महिन्यांत जमेल का? आणि या प्राण्याच्या मांसाला उग्र वास येतो हे खरं का?

चारशे यार्डांचा नाद सोडा. हे दोन महिने दोनशे यार्डांच्या आत कसं पोचायचं ते शिकण्यात घाला. वायोमिंगच्या माळांवर मी बरीच वर्षं शिकार करतो आहे, नवख्यांना सोबत नेतो आहे. पोटात किंवा पायात गोळी लागून पळालेली जी जनावरं मी पाहिली, ती जवळपास सगळी लांबून झाडलेल्या गोळीची होती. माळ उघडा आहे म्हणून लांबून मारावं लागतं, हे बहुतेक वेळा चालायचा कंटाळा असलेल्या माणसाचं म्हणणं असतं.

आधी गणित सांगतो. तुमची .२७०, १३० ग्रेनची गोळी, दोनशे यार्डांवर झिरो केलेली, म्हणजे तिथे नेम धराल तिथेच लागेल अशी जुळवलेली. तीनशे यार्डांवर ती साधारण सहा-सात इंच खाली येते आणि चारशेवर दीड फुटाहून जास्त. हे पडणं मोजता येतं. लेझर रेंजफाइंडर अंतर सांगतो, तक्ता पाहून रायफलीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवता येते. वाऱ्याचं मात्र असं मोजमाप नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा ही गोळी दोनशे यार्डांवर सुमारे तीन इंच, तीनशेवर सहा-सात इंच आणि चारशेवर फूटभर बाजूला नेतो. वायोमिंगमध्ये रॉलिन्स किंवा शर्ली बेसिनच्या बाजूला ऑक्टोबरच्या दुपारी वीस मैलांचा वारा ही रोजची गोष्ट. म्हणजे चारशेवर दोन फूट. तुमचा वाऱ्याचा अंदाज फक्त पाच मैलांनी चुकला तरी गोळी सहा इंच सरकली. प्राँगहॉर्नच्या छातीत जिथे गोळी लागायला हवी ती जागा जेमतेम आठ इंचांची. मध्यावर धरलेला नेम चार इंचांहून जास्त ढळला की तुम्ही त्या जागेबाहेर. शिवाय चारशे यार्ड कापायला गोळीला जवळपास अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात चरणाऱ्या मादीने एक पाऊल पुढे टाकलं की फुप्फुसावर धरलेला नेम पोटात उतरतो. शूटिंग रेंजवरचा लोखंडी पत्रा पाऊल टाकत नाही.

दोनशे यार्डांवर हेच सगळे हिशेब आवाक्यात येतात. वारा नीट वाचता आला नाही तरी गोळी सहसा छातीतच राहते. म्हणून जवळ जायचं.

आता, जाता येतं का? येतं. हायवे ८० वरून गाडीतून पाहिलं की वायोमिंग तव्यासारखा सपाट वाटतो. उतरून अर्धा मैल चाला, मग त्याच्या सुरकुत्या दिसायला लागतात. बर्फ वितळून वाहणाऱ्या पाण्याने कोरलेले कोरडे ओघळ, कमरेएवढ्या खोल घळी, दोन टेकाडांमधली बोळकंडी, जुन्या तळ्यांचे बांध. सोलापूरच्या नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप लांबून पाहिलेत का? तिथेही कळप डोळ्यांदेखत एखाद्या उताराआड जातो आणि दहा मिनिटं दिसत नाही. त्याला लपवणारी जमीन तुम्हालाही लपवेल. फक्त ती आधी बघून ठेवावी लागते.

प्राँगहॉर्नचा सगळा भरवसा डोळ्यांवर आणि पायांवर. डोळे मोठे, कवटीच्या दोन्ही बाजूंना बाहेर आलेले. जवळपास ३२० अंशांचा परिसर त्याला मान न वळवता दिसतो. वेग ताशी ५५ मैलांच्या, म्हणजे ८८ किलोमीटरच्या घरात, आणि त्याहून थोड्या कमी वेगाने तो मैलोन्‌मैल पळू शकतो. आजच्या लांडग्या-कोल्ह्यांपासून वाचायला एवढा वेग लागत नाही. सुमारे १२ हजार वर्षांपूर्वीपर्यंत उत्तर अमेरिकेत चित्त्यासारखं एक वेगवान मार्जार होतं, त्याच्यापुढे टिकण्यासाठी हा वेग आला असावा, असं काही जीवशास्त्रज्ञ मानतात. कोल्हापूर संस्थानात पाळलेले चित्ते काळविटांवर सोडत. त्या शिकारीचे जुने फोटो पाहताना मला ही अमेरिकन जोडी नेहमी आठवते. दोन्हीकडे चित्ता गेला, पळणारा मागे राहिला.

या स्वभावाचा शिकाऱ्याला उपयोग आहे. हरणाला माणूस दिसला की ते झाडीत शिरतं. प्राँगहॉर्नला माणूस मैलभरावर दिसला तरी तो जागचा हलेलच असं नाही, तो बघत राहतो. तुम्ही नुसते दिसलात तर फारसं बिघडत नाही. त्याच्या दिशेने येताना दिसलात की बिघडलं. म्हणून कळप दिसल्यावर थबकू नका आणि सरळ त्याच्याकडे वळू नका. गाडीत असाल तर त्याच वेगाने पुढे जा, टेकाड ओलांडा, पलीकडे गाडी लावा आणि चालत मागे या. धावत्या गाडीची त्यांना सवय असते. गाडी थांबून दार उघडलं की ढुंगणावरचे पांढरे केस फुलतात. तो धोक्याचा इशारा असतो आणि अख्खा माळ तो वाचतो. गाडीने कळपाचा पाठलाग करणं, गाडीतून किंवा रस्त्यावरून गोळी झाडणं हे बेकायदा तर आहेच, पण तसं करणाऱ्याबरोबर मी दुसऱ्यांदा शिकारीला जात नाही.

पहाटे उजाडायच्या आधी एखाद्या उंचवट्यावर, माथ्याच्या जरा खाली बसा, म्हणजे तुमची आकृती आभाळावर उठणार नाही. दहा पट मोठं दाखवणारी हातातली दुर्बीण पुरते. सोबत तिपाईवरची मोठी असेल तर उत्तम. कळप सापडला की लगेच उठू नका. अर्धा तास बघा. जनावरं मोजा, बसलेलीसुद्धा. सेजब्रशच्या झुडपांत बसलेल्या मादीचं फक्त डोकं दिसतं, आणि तुमचा डाव उधळणारी हमखास तीच असते. पुढे कोण चालते आहे, तोंड कुठे आहे, वारा कुठून आहे, हे पाहून कळप तासाभराने कुठे असेल याचा अंदाज बांधा आणि तिथे जायचं ठरवा. कळपाच्या मागे मागे चालून तो कधीच गाठता येत नाही.

मग वाट ठरवा. फोनवरचा उपग्रह नकाशा इथे खरा उपयोगी. त्यात ओघळांच्या रेषा स्पष्ट दिसतात. वरून पाहिलेली जमीन खाली उतरल्यावर ओळखू येत नाही, म्हणून दोन-तीन खुणा पक्क्या करा: एखादा वेगळ्या रंगाचा दगड, कुंपणाचा वाकडा खांब, पवनचक्की. ओघळात उतरलात की मोह आवरा. दर पन्नास पावलांवर डोकं वर काढून पाहणारे नवखे तिथेच पकडले जातात. बघायचंच असेल तर झुडपाच्या वरून बघू नका, बाजूने, सावकाश, फक्त डोळ्यांपुरतं डोकं काढा. वाऱ्याचं म्हणाल तर मैलभर अंतरावर तो पाठीमागून असला तरी फारसं अडत नाही. शेवटच्या तीन-चारशे यार्डांत मात्र तो तोंडावर किंवा आडवा हवा. नाक त्यालाही आहे.

शेवटचे शंभर यार्ड बहुधा रांगत, सरपटत. इथे गुडघ्यांचे पॅड आणि चामड्याचे हातमोजे ही रायफलीइतकीच महत्त्वाची वस्तू. जमिनीलगतचे निवडुंग गवतात दिसत नाहीत आणि सप्टेंबरच्या उबदार दिवशी रॅटलस्नेकही बाहेर असतात. रांगताना नळीत काडतूस नको. ठरलेल्या जागी पोचल्यावर भरा. वायोमिंगमध्ये बंदुकीने शिकार करताना फ्लुरोसंट नारिंगी किंवा गुलाबी रंगाचं निदान एक वस्त्र बाहेरून दिसायला हवं. त्याची चिंता करू नका, जनावर रंगापेक्षा हालचाल टिपतं.

कुंपणांबद्दल वेगळं सांगायला हवं. प्राँगहॉर्न उंच उडी मारू शकतो, पण सहसा मारत नाही. तो तारेखालून जातो. खालची तार वर असेल तिथे त्यांच्या ठरलेल्या वाटा पडतात, तारेच्या काट्यांना केसांचे पुंजके अडकलेले दिसतात. अशी जागा सरकारी जमिनीवर सापडली तर वाऱ्याखाली शंभर-दीडशे यार्डांवर, पाठीशी झुडूप घेऊन, दबा धरून बसा. हलत्या कळपाच्या मागे लागण्यापेक्षा पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सोपं पडतं. मेंढ्यांसाठी लावलेल्या विणलेल्या जाळीच्या कुंपणात मात्र कळप अडकतो, थंडीत तिथेच मरतोही. तशा कोपऱ्यात कोंडलेल्या जनावरांवर गोळी झाडू नये असं माझं ठाम मत आहे. पांढरा रुमाल हलवून त्यांचं कुतूहल चाळवायची जुनी युक्ती तुम्ही ऐकली असेल. आजकालचे कळप तिला क्वचितच भुलतात.

आता गोळी. पालथं झोपून, पुढे दुपायी किंवा सॅक टेकवून मारणं सगळ्यात स्थिर. पण सेजब्रश गुडघ्याएवढं असलं की झोपून काही दिसत नाही, म्हणून बसून तीन काठ्यांच्या टेकूवरून मारायचा सराव आत्तापासून करा. या दोन महिन्यांत काडतुसं खर्च करायची ती बाकावरून नव्हे, जमिनीवरून, थोडं धापा टाकत. आणखी एक गोष्ट: रायफलीवरची दुर्बीण नळीच्या दीड इंच वर असते. दुर्बिणीतून समोर मोकळं दिसतं आणि गोळी दहा फुटांवरच्या मातीच्या उंचवट्यात घुसते. घोड्यावर बोट नेण्याआधी नळीच्या रेषेत डोळा नेऊन बघा.

जनावर पूर्ण आडवं उभं असू द्या. पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागाला नेम धरा. पळत्यावर नको, तिरक्यावर नको, सरळ समोर तोंड असलेल्यावर नको. कळपात असेल तर तिच्या मागे दुसरं कोणी नाही ना, हे गोळी झाडण्याच्या क्षणापर्यंत बघत राहा. .२७० ची गोळी एका प्राँगहॉर्नच्या आरपार जाते आणि मागच्याला लागते. तुमच्याकडे परवाना एकाचा आहे. हे कारण धरून मी कित्येकदा रायफल खाली ठेवली आहे आणि कळप निघून जाऊ दिला आहे. मारल्यावर लगेच दुसरं काडतूस भरा आणि उठू नका. फुप्फुसात लागलेलं जनावरसुद्धा पन्नास-शंभर यार्ड पळतं. ते कोणत्या झुडपापाशी होतं आणि कुठे पडलं, दोन्ही खुणा मनात पक्क्या करा.

मादी ओळखणं कठीण नाही. नराच्या जबड्याखाली गालावर काळा डाग असतो, मादीला तो नसतो. तिची शिंगं एक तर नसतात किंवा कानांहून आखूड असतात. कोवळ्या नरांच्या बाबतीत गोंधळ होतो, म्हणून शिंगावर विसंबू नका, गाल बघा. जिच्याजवळ पाडस घुटमळतं आहे अशी मादी मी सोडतो. पाडसं मे-जूनमध्ये जन्मतात, ऑक्टोबरपर्यंत स्वतः चरत असतात, कायद्याचीही आडकाठी नाही. ही माझी निवड आहे.

तुमच्या हातातल्या परवान्यामागे काय आहे तेही थोडक्यात सांगतो, कारण भारतातून आलेल्या आपल्या लोकांना हा प्रश्न सतावतो आणि तो सतावायलाच हवा. आपल्याकडे काळवीट आणि चिंकारा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, त्यांची शिकार हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसाच राहायला हवा. इथे चित्र वेगळं आहे. एकेकाळी कोट्यवधींनी असलेले प्राँगहॉर्न विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीने आणि कुंपणांनी काही हजारांवर आले होते. बाजारू शिकार बंद झाली, अभयारण्यं झाली, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर लावलेल्या ११ टक्के कराचा पैसा वन्यजीवांकडे वळला. आज ते पुन्हा लाखांत आहेत आणि सगळ्यात जास्त वायोमिंगमध्ये. पण ही गोष्ट कायमची जिंकलेली नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पाइनडेलच्या आसपास खोल बर्फ आणि मायकोप्लाझ्मा बोव्हिस या जीवाणूचा न्यूमोनिया एकाच वेळी आले आणि तिथल्या सब्लेट नावाच्या कळपाची भयानक हानी झाली. वायोमिंगच्या गेम अँड फिश (वन्यजीव) खात्याने पश्चिमेकडचे परवाने झपाट्याने कमी केले. हे असंच व्हायला हवं. एखाद्या वर्षी लॉटरीत नाव आलं नाही तर चिडू नका.

कायद्याच्या तीन गोष्टी. पहिली व्हिसाची. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे, मित्राची हातात घेतलेलीसुद्धा. अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर या मनाईला अपवाद आहे. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू नाही. तुम्ही तुमचा व्हिसा लिहिलेला नाही. अपवादाच्या आधारावर असाल तर परवान्याची मुदत आणि रायफल खरेदीची तारीख एकदा वकिलाला दाखवा.

दुसरी जमिनीची. परवाना म्हणजे खासगी रानात शिरायची मुभा नव्हे. एकोणिसाव्या शतकात युनियन पॅसिफिक रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंत एक आड एक चौरस मैल जमीन दिली गेली, त्यामुळे दक्षिण वायोमिंगचा नकाशा आजही बुद्धिबळाच्या पटासारखा आहे. सरकारी चौकोनातून सरकारी चौकोनात कोपऱ्यावरून पाऊल टाकायचं का, यावर एल्क माउंटनच्या २०२१ मधल्या प्रकरणावरून वर्षानुवर्षं खटला चालला. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. तरी पहिल्या वेळी कोपऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. सलग सरकारी जमीन शोधा, किंवा गेम अँड फिश खात्याने जमीनमालकांशी करार करून खुल्या केलेल्या वॉक-इन जागा वापरा. पायऱ्या झिजवून रँचवाल्याकडे अदबीने विचारलंत तर मादीच्या परवान्याला होकार मिळतोही.

तिसरी कूपनची. जनावर पडल्यावर परवान्याचं कूपन तिथल्या तिथे तारखेसह भरायचं असतं, आणि मांस नेताना मादी असल्याचा पुरावा सोबत राहायला हवा. त्या वर्षीची नियमपुस्तिका सोबत ठेवा.

आता वासाचं. खराब मांस मी चाखलं आहे आणि दर वेळी कारण हाताळणीत सापडलं आहे. प्राँगहॉर्नचे केस पोकळ असतात, उणे तापमानात ऊब धरून ठेवायला बनलेले. सप्टेंबरअखेरच्या दुपारी वीस-पंचवीस अंशांत हीच कातडी मांस आतल्या आत तापवते. लोक जनावर गाडीच्या मागे टाकतात, फोटो काढतात, गावात मिरवतात, आणि रात्री म्हणतात की सेजब्रश खाणाऱ्या प्राण्याला वास येतोच. पळवून पळवून मारलेल्या जनावराचं मांसही काळवंडतं आणि चिवट होतं. शांत चरताना पडलेल्याचं तसं होत नाही. जवळ जाण्याचा हा आणखी एक फायदा.

पडल्यापासून तासाभरात आतडी बाहेर आणि कातडी वेगळी, असा नेम ठेवा. कोठा फुटू देऊ नका, त्यातला अर्धवट पचलेला सेजब्रश मांसावर सांडला की धुऊन जात नाही. कातडी कापताना पातं आतून बाहेर चालवा, म्हणजे केस तुटून मांसावर पडणार नाहीत. ते फार ठिसूळ असतात. ढुंगणावर आणि कानाखाली वासाच्या ग्रंथी असतात, त्या भागाला लागलेला हात मांसाला लावू नका, हातमोजे बदला. चारही पाय, पाठीचे पट्टे आणि आतले कोवळे पट्टे सुटे करून सुती पिशव्यांत भरा. खाण्याजोगं मांस रानात टाकणं वायोमिंगमध्ये गुन्हा आहे. बर्फाचा मोठा कूलर गाडीत आधीपासून हवा, त्याची तोटी उघडी ठेवा. मांस गार राहू द्या, पाण्यात भिजू देऊ नका.

घरी आणल्यावर दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये उघडं मुरू द्या, मग भाग करा. हाडाशिवाय साधारण पंधरा किलो निघेल. चरबी जवळजवळ नाही, त्यामुळे बोकडाच्या मटणाचा हिशेब इथे लावला तर पाठीचे पट्टे चामड्यासारखे होतात. ते बोटभर जाडीचे कापा, मीठ, हळद आणि आलं-लसूण लावून कडक तापलेल्या लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी परता, आत लालसर असतानाच उतरवा. काळ्या मसाल्याच्या रश्शासाठी मान आणि नळ्या ठेवा. कुकरमध्ये शिट्टी झाल्यावर मंद आचेवर पाऊण तास, आणि फोडणीला तेल नेहमीपेक्षा जरा सढळ.